शतावरीचे कोंब आणि आमची चूल : प्रकल्प नोंदी

४ मे

लेक नागपूरला हॉटेल मॅनेजमेंट शिकते. सुटीला येताना तिनं अ‍ॅस्परॅगसच्या दोन जुड्या आणल्या. ओल्या कागदात गुंडाळून, एसटीत मांडीवर धरून. भिवापूरला उतरून पुढं ऑटो, आणि बाहेर मे महिन्याचं भर दुपारचं ऊन. घरी पोचेपर्यंत कोंबांनी माना टाकल्या होत्या.

सासूबाईंनी एक कोंब हातात घेतला, टोकाचे खवले नखानं उलगडून पाहिले. म्हणाल्या, "हा त शतावरीचा भाऊ दिसते वं." ओळख बरोबर होती. लेकीनं पुस्तक उघडून दाखवलं, दोघांच्या शास्त्रीय नावातलं पहिलं नाव एकच आहे, अ‍ॅस्परॅगस. आमच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, कुंपणाच्या कुपाटीत चढणारी काटेरी वेल ती रॅसिमोसस, आणि युरोपात वसंतात जमिनीतून कापून काढतात तो ऑफिसिनॅलिस. शतावरीचं मूळ औषधाचं म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे, बाळंतिणीला शतावरी कल्प देतात ते त्या मुळाचंच. कोंब खातात हे मात्र आता गावातल्या म्हाताऱ्या बायांनाच आठवतं.

ऑगस्टमध्ये तालुक्याला रानभाजी महोत्सव भरतो. आमच्या बचत गटानं या वर्षी शतावरीच्या कोंबांची भाजी न्यायची असं ठरवलं आहे. पण पावसाआधी कोंब निघत नाहीत. म्हणून मे महिन्यात बाजारच्या अ‍ॅस्परॅगसवर हात बसवायचा आणि पाऊस पडला की धुऱ्यावर जायचं, असा बेत केला. या वहीत रोजचं लिहायचं: भांडं कोणतं, आच किती, वेळ किती, कोणी खाल्लं, कोणाच्या ताटात उरलं.

५ मे

पहिली जुडी वाया गेली.

वांग्याची करतो तशी रस्साभाजी केली. कांदा, लसूण, खोबरं पाट्यावर वाटलं, भिवापुरी मिरचीचं तिखट घातलं, तेल सुटेपर्यंत परतलं, मग चिरलेले कोंब टाकून झाकण ठेवलं. वीस मिनिटांनी पाहिलं तर टोकं विरघळलेली, बुडखे मात्र दाताखाली उसाच्या चोथ्यासारखे. रंग वाळलेल्या गवताचा. मसाला छान लागत होता, कोंबाची चव कुठंच नव्हती.

आपल्याकडे भाजी मसाल्यात मुरू देण्याची सवय आहे, आणि वांग्याला, कोहळ्याला ती मानवते. या कोंबाला वेळ लागतो तो मिनिटांत मोजण्याइतका. मसाला आधी पूर्ण शिजवायचा आणि कोंब अगदी शेवटी, हे आजचं पान मी ठळक करून ठेवलं.

६ मे

दुसरी जुडी काल रात्रीच वाचवली होती. बुडखे बोटाच्या पेराएवढे कापून, पेल्यात दोन बोटं पाणी घेऊन कोंब फुलांसारखे उभे ठेवले. वरून ओलं फडकं टाकलं आणि पेला माठाच्या तिवईखाली सरकवला, तिथं सारखा गारवा असतो. सकाळी सगळे ताठ. कोंब कापला तरी तो जिवंतच असतो, आपल्यातली साखर खात राहतो आणि बुडाकडून वर राठ होत जातो. म्हणून आणला की लवकर रांधावा, नाही जमलं तर पाण्यात उभा करावा. फ्रिज असेल तर पेल्यासकट फ्रिजमध्ये.

मग सोलणं. कोंब दोन्ही हातांत धरून वाकवला की तो कुठंतरी मोडतो, तिथून खालचं टाकून द्यायचं, असं पुष्कळ जण करतात. लेकीला कॉलेजात वेगळं शिकवलं. मोडण्यात चांगला भागही जातो, कारण हात कुठं जोर देतो त्यावर मोड ठरते. तिनं फक्त पांढरट लाकडी बूड पावशीवर, म्हणजे विळीवर, कापलं आणि खालचा तिसरा हिस्सा बटाट्याच्या सोलण्यानं सोलला. राठपणा जास्तकरून सालीत असतो. साल गेली की आतला गर काकडीसारखा निघतो.

आणखी एक गैरसमज गेला. बारीक कोंब कोवळा आणि जाड कोंब जून, असं मी धरून चालले होते. तसं नसतं. जाडी त्या झाडाच्या जोरावर असते. अंगठ्याएवढा कोंब सोलून घेतला तर बारक्यापेक्षा रसदार लागतो. जून ओळखायचा तो टोकावरून: टोक घट्ट मिटलेलं हवं, खवले सुटून फांद्या डोकावायला लागल्या की घेऊ नये.

संध्याकाळी मोठ्या गंजात पाणी खळखळ उकळलं, सढळ मीठ टाकलं. पेन्सिलीएवढे कोंब दोन मिनिटं, अंगठ्याएवढे साडेतीन. झाकण नाही. लगेच उपसून माठाच्या पाण्यात. रंग असा हिरवा की जाऊबाई स्वयंपाकघरात येऊन विचारून गेल्या, काय टाकलं म्हणून. काहीच टाकलं नव्हतं. वरून फल्लीचं, म्हणजे शेंगदाण्याचं, तेल कडकडीत करून, मोहरी आणि ठेचलेला लसूण घालून ओतलं.

लिंबू मी आधीच पिळून ठेवलं होतं, तिथं चुकलं. दहा मिनिटांत हिरव्याचा मेंदी रंग झाला. आंबटानं पानातला हिरवा रंग मरतो, हे पालकालाही लागू आहे. झाकण न ठेवण्याचं कारणही तेच, भाजीतलं आंबट वाफेबरोबर निघून जातं. लिंबू ताटात वाढल्यावरच पिळायचं.

७ मे

आजची पद्धत मला सगळ्यांत आवडली, म्हणून सविस्तर लिहिते.

लोखंडी तवा, भाकरीचाच. तुराट्यांचा जाळ मोठा केला. कोंब धुऊन फडक्यानं पूर्ण कोरडे केले. ओले राहिले की तव्यावर उकडतात, भाजत नाहीत. ताटात घेऊन चमचाभर फल्लीचं तेल आणि मीठ हातानं चोळलं. तवा धुरावायला लागला तेव्हा एका थरात मांडले, एकावर एक नाही. दोन मिनिटं हात लावला नाही. खालून काळसर ठिपके आले की चिमट्यानं लोळवले. असे पाच मिनिटं. शेवटी चार पाकळ्या लसूण ठेचून टाकला आणि अर्ध्या मिनिटात तवा उतरवला, लसूण आधी टाकला तर करपून कडू होतो.

वर जवसाची चटणी भुरभुरली. जवस खमंग भाजून, सुक्या मिरच्या, लसूण, मीठ घालून खलबत्त्यात कुटलेली, आमच्या घरात बारमाही बरणीत असते तीच. कोंबाची गोडसर हिरवी चव आणि जवसाचा तेलकट खमंगपणा एकमेकांना इतके धरून राहिले की लेक म्हणाली, आई, हे मी कॉलेजात करून दाखवीन. तिथं याच कामाला ओव्हन वापरतात, २०० ते २२० अंशांवर दहा-बारा मिनिटं. ओव्हन नसला तर काही अडत नाही. तव्याला ठिपके जास्त चांगले पडतात.

सासूबाईंनी ज्वारीच्या भाकरीबरोबर पाच कोंब खाल्ले. त्यांना दात मोजकेच आहेत, त्यामुळं त्यांच्या ताटात काही उरलं नाही तर ती पद्धत पक्की समजायची.

२४ मे

बियाणं घ्यायला हे नागपूरला गेले होते, येताना तीन जुड्या घेऊन आले. किंमत ऐकून सासूबाई गप्प झाल्या. रोज खायची ही भाजी नाही, मला कबूल आहे. हे म्हणाले, आपणच लावू की. लेकीनं सांगितलं की गड्डा लावल्यावर पहिली दोन वर्षं कापणी धरत नाहीत, झाडाला मुळाशी साठा करू द्यावा लागतो. मग मात्र पंधरा-वीस वर्षं तेच झाड कोंब देतं. पण त्याला थंडीची विश्रांती मानवते, ती आपल्या रानात कुठून मिळणार? हे ऐकून ह्यांनी विषय सोडला. म्हणाले, "मंग आपली शतावरीच बरी, तिले कोणी सांगा लागत नाही."

रात्री निखाऱ्यांवर भाजले. सुटे कोंब जाळीतून खाली पडतात, म्हणून सहा-सहा कोंब शेजारी ठेवून वरून आणि खालून एक-एक बांबूची काडी आडवी ओवली, तराफ्यासारखं झालं. काड्या आधी पाण्यात भिजवल्या होत्या. तराफा एकदाच उलटायचा, प्रत्येक बाजूला तीन मिनिटं. धुराचा वास हलकाच लागला. वरून घट्ट दही, मीठ आणि कुटलेले तीळ. पोरांनी हातानंच संपवले.

२५ मे

अंडं आणि अ‍ॅस्परॅगस ही युरोपातली जुनी जोडी. लेकीला हॉलंडेज सॉस करून पाहायचा होता: अंड्याचा पिवळा बलक, पातळ केलेलं लोणी आणि लिंबू. आमच्याकडे घरचं तूप होतं. ते चालतं, हॉटेलांतही पुष्कळदा निवळलेलं लोणीच घेतात.

पहिला सॉस फाटला. गंजात पाणी ठेवून वर पितळी वाडगा मांडला होता, पण तुराटीचा जाळ कमी-जास्त करता येत नाही, पाणी उसळलं आणि बलकाची भुर्जी झाली. लेक रडवेली झाली. दोन अंडी आणि अर्धी वाटी तूप गेलं होतं.

दुसऱ्यांदा चुलीतून लाकडं काढून फक्त निखारे ठेवले. पाणी वाफाळेल, पण उकळणार नाही इतकंच. दोन बलक आणि चमचाभर पाणी रवीच्या बारीक टोकानं घुसळत राहिलो, फिकट आणि दाट होईपर्यंत. मग वाडगा खाली घेतला. कोमट तूप आधी थेंब-थेंब, धरायला लागलं की बारीक धार. शंभर ग्रॅम तूप बलकांनी धरलं. शेवटी अर्धं लिंबू, मीठ, किंचित भिवापुरी तिखट. मध्येच एकदा कडेला तूप सुटायला लागलं होतं, चमचाभर गरम पाणी घालून घुसळल्यावर परत जुळलं. अंड्याचा बलक तेल आणि पाणी दोन्हीला धरून ठेवतो, पण घाई केली की सोडतो.

उकडलेल्या कोंबांवर तो सोनेरी सॉस ओतला तेव्हा लेकीच्या चेहऱ्याकडे पाहत राहावंसं वाटलं. चव भारी, पोटालाही भारी. महिन्यातून एकदा ठीक. रोजच्यासाठी मला त्यापेक्षा साधं उकडलेलं अंडं बरं वाटतं: बलक अर्धा कच्चा ठेवायचा आणि तव्यावरचा कोंब त्यात बुडवून खायचा. सासूबाई अंडं खात नाहीत, त्यांना काल रात्रीचं दही-तीळ पुन्हा दिलं.

२६ मे

साली आणि कापलेली बुडं तीन दिवस ओल्या फडक्यात साठवली होती. आज ती सगळी, एक कांदा, चार मिरे आणि सहा पेले पाणी, वीस मिनिटं मंद उकळून गाळली. वाटून घातली असती तर सगळीकडे दोरे लागले असते. गाळलेलं पाणी फिक्कट हिरवं, वासाला ओल्या मटारच्या टरफलांसारखं.

त्या पाण्यात घरच्या तांदळाचा मऊ भात केला. तुपात कांदा, तांदूळ परतून घेतले आणि पाणी एकदम न घालता पळीपळीनं, ढवळत घातलं. तांदूळ शिजत आल्यावर कोंबांचे तुकडे, पाच मिनिटांनी वर सांबार, म्हणजे इतरत्र कोथिंबीर म्हणतात ती. मऊ खिचडीसारखा भात झाला, आणि जे कचऱ्यात जाणार होतं त्याची चव सगळ्यांत खोल उतरली.

एक गोष्ट लिहून ठेवते, कारण घरात घाबरगुंडी उडाली. ह्यांनी सकाळी हळूच विचारलं, लघवीला वेगळाच वास येतो, काही आजार तर नाही? नाही. अ‍ॅस्परॅगसमधला गंधकयुक्त घटक पोटात मोडतो, त्याचा तो वास असतो आणि काही तासांत जातो. काहींना तो वास जाणवतच नाही, मला नाही जाणवला. पाहुण्यांना वाढताना आधी सांगून ठेवावं.

२७ मे

उरलेले कोंब. भजी: बेसनात दोन चमचे तांदळाचं पीठ, माठाचं गार पाणी, पातळ भिजवण, फार फेटायचं नाही. अख्खे कोंब बुडवून कडकडीत तेलात दोन मिनिटं. छान झाली. बेसन लावलं की कशाचीही भजी छानच होते, त्यामुळं यात कोंबाचं कौतुक किती धरावं हे ठरत नाही.

झुणक्यात मात्र जमला. बेसन कोरडं वाफवून मोकळं झाल्यावर बारीक चिरलेले कोंब घातले, झाकून तीन मिनिटं. दिवसभर सगळे त्याबद्दल बोलत होते.

११ जून

मृग लागून तीन दिवस झाले. काल रात्री पहिला चांगला पाऊस. धुऱ्यावर गेले, काही नाही. जुन्या वेली वाळलेल्याच.

१९ जून

निघाले.

नाल्याकडच्या धुऱ्यावर, बोरीच्या कुपाटीत. सासूबाई काठी टेकत बरोबर आल्या होत्या, मला दिसायच्या आधी त्यांनाच दिसले. कोंब सरळ वर येतो, जांभळट हिरवा, पान नाही, नुसते खवले अंगाला चिकटलेले. बाजारच्या अ‍ॅस्परॅगसचाच चेहरा, फक्त कमरेनं बारीक. वीतभर ते हातभर असेपर्यंतच खायचा. पुढं बाजूच्या फांद्या फुटतात, मागं वळलेले काटे कडक होतात आणि सुईसारखी हिरवी पालवी येते.

खुडण्याची रीत सासूबाईंनी सांगितली. वेलीच्या बुडाशी पाच कोंब असले तर दोन घ्यायचे, तीन वाढू द्यायचे. वरून अंगठ्यानं दाबत यायचं, जिथं आपसूक तट्कन मोडतो तिथंच थांबायचं. विळा लावायचा नाही. आणि बुडाशी खणायचं तर मुळीच नाही. शतावरीची मुळं झुपक्यानं असतात, औषधाला विकायला लोक अख्खा झुपका उपटतात आणि ती वेल कायमची जाते. आमच्याच शिवारात सासूबाईंच्या लग्नाच्या वेळी प्रत्येक धुऱ्यावर वेल होती म्हणतात. आज मी चार धुरे फिरले तेव्हा नऊ वेली सापडल्या. त्यांची जागा वहीच्या मागच्या पानावर काढून ठेवली आहे, ते पान मी कोणाला दाखवणार नाही.

आजची खुडणी १७ कोंब. एका वेळच्या भाजीलाही पुरे नाहीत. वेल ओळखता येत नसेल तर खुडू नये, ओळखणाऱ्या माणसाबरोबर आधी एक पावसाळा फिरावं.

२० जून

मे महिन्यात शिकलेलं सगळं इथं चालेल असं मला वाटलं होतं. तव्यावर पाच मिनिटं भाजून पाहिलं तर जिभेच्या मागं कडवटपणा राहिला आणि खवल्यांखाली कोवळे काटे बोचले. रानातली वस्तू रानाच्या रीतीनंच घ्यावी लागते.

सासूबाईंची रीत: खवले आणि काट्यांचे ठोंब बुडाकडून टोकाकडे चाकूच्या पाठीनं खरवडून काढायचे. बोटभर तुकडे. मिठाच्या भरपूर पाण्यात पाच मिनिटं उकळून ते पाणी टाकून द्यायचं, गार पाण्यानं धुवायचं, मुठीत घट्ट पिळायचं. कडूपणा पूर्ण जात नाही आणि जाऊही नये. मेथीइतका उरतो, भाकरीबरोबर तोच हवाहवासा वाटतो.

२ जुलै

गटातल्या पाच जणी जमलो. प्रत्येकीनं आपापल्या धुऱ्यावरचे कोंब आणले, सगळे मिळून अर्धा किलो झाले. दोन भाज्या केल्या.

आळण: लसूण-मिरचीची फोडणी, पिळलेले कोंब, वर ताकात कालवलेलं बेसन. चव चांगली, पण कोंब पिठात हरवतात.

दुसरी सगळ्यांनी पसंत केली. पाव किलो कोंबांना अर्धी वाटी मूग डाळ, अर्धा तास भिजवलेली. दोन कांदे बारीक चिरून, सहा-सात लसूण पाकळ्या, तीन हिरव्या मिरच्या. दोन मोठे चमचे फल्लीचं तेल, मोहरी, हळद. कांदा गुलाबी झाला की निथळलेली डाळ, झाकणावर पाणी ठेवून आठ मिनिटं. डाळ बोटानं दबते पण मोडत नाही, तेव्हा कोंब आणि मीठ, आणखी चार मिनिटं. वरून फल्लीचा कूट दोन चमचे. मूग डाळीचा गोडवा कडवटपणाला सावरतो आणि कोंब वेगळा ओळखू येतो. महोत्सवाला हीच.

१५ जुलै

अडचण. कोंब संपले. नऊच्या नऊ वेली वर चढल्या, काटे टणक झाले. महोत्सव ऑगस्टमध्ये. वाळवून ठेवावं तर ऊन नाही. गटात एकीनं मुळं नेऊ या म्हटलं, मी आणि सासूबाईंनी नाही म्हटलं.

सासूबाईंचं म्हणणं, पहिल्या खुडणीच्या जागी मोकळीक झाली की वेल पुन्हा फुटते, ओल असली पाहिजे. आज तीन वेलींचा एक-एक जून फुटवा जमिनीलगत कापला आणि बुडाशी पालापाचोळा घातला.

२९ जुलै

दोन वेलींना नवे कोंब, एकीला चार, एकीला तीन. तिसरी अजून गप्प आहे.

८ ऑगस्ट

पाच घरांचे मिळून ६४ कोंब. सगळ्यांनी प्रत्येक वेलीला निम्मे ठेवले, मी विचारून घेतलं. खरवडून, उकडून, पिळून झालं आहे, ओल्या फडक्यात बांधून माठाखाली आहे. उद्या पहाटे चारला डाळ भिजवायची आहे. कांदे लेक चिरणार, ती मुद्दाम काल आली. तिनं वहीच्या कोऱ्या पानावर शतावरीची वेल काढली आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं: कोंब खुडा, मूळ राहू द्या. तो कागद टेबलावर भाजीच्या गंजापुढं लावायचा आहे.

जवसाची बरणी भरून ठेवली. ज्वारीचं पीठ कमी पडेल असं वाटतं, सकाळी जाऊबाईंकडून पायलीभर घ्यावं लागेल.